मदत हवी आहे: सरकारी रुग्णालयांतल्या हलगर्जीपणाच्या भरपाईचा आकडा माहिती अधिकारात कसा मागावा?

नमस्कार मंडळी,

माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांची, आणि मंत्रालयात किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयात काम केलेलं कुणी इथे असेल तर त्यांची खास मदत हवी आहे. उपचारातल्या हलगर्जीपणापोटी महाराष्ट्र सरकारने गेल्या दहा वर्षांत एकूण किती भरपाई दिली, हे शोधायचं आहे.

आरोग्य हक्कावर काम करणारा आमचा लहानसा गट आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलेल्या आमच्या तालुक्यातल्या एका ताईंच्या बाजूने कोर्टाचा निकाल लागला, सरकारने पैसेही भरले. पण त्यानंतर शस्त्रक्रियागृहात गॉज मोजून नोंद करायला लागले का, असं विचारलं तर "ते प्रकरण निकाली निघालंय" एवढंच उत्तर मिळतं. पैसे जनतेचे गेले आणि चूक तिथेच राहिली, हे मला सहन होत नाही.

हे आजचं नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहिला आणि ती त्याच महिन्यात गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने सरकारवरची जबाबदारी काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सरकारवर टाकेपर्यंत १९९६ उजाडलं (अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य). पुढे २०१५ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयातल्या प्रकरणात, मुदतीआधी जन्मलेल्या मुलीच्या डोळ्यांची वेळेत तपासणी न झाल्याने तिची दृष्टी गेली म्हणून, १ कोटी ८० लाखांची भरपाई ठरली. तिचा जन्मभराचा खर्च पाहता ही रक्कम मला अजिबात जास्त वाटत नाही. पण एक साधी तपासणी कितीला पडली असती!

आता खरी अडचण. कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम राज्यघटनेच्या कलम २०२ नुसार "भारित" खर्चात मोडते. त्यावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. शिवाय जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि पालिकेची रुग्णालयं पालिकेकडे. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालयं ग्राहक कायद्यात येत नाहीत (सर्वोच्च न्यायालय, १९९५), म्हणून तिथले दावे दिवाणी न्यायालयांत विखुरलेले. एका जागी बेरीज होणार कुठून?

इंग्लंडमध्ये ही बेरीज होते. तिथली एनएचएस रेझोल्यूशन ही सरकारी संस्था अशा दाव्यांची देणी दरवर्षी ताळेबंदात दाखवते. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ६० अब्ज पौंडांवर गेली होती. खर्च त्यांच्याही आवाक्याबाहेर चाललाय, पण निदान आकडा समोर असल्यामुळे संसदेची लोकलेखा समिती आरोग्य खात्याला बोलावून जाब विचारू शकते.

आपल्याकडे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. माझा मसुदा असा:

"दि. १ एप्रिल २०१५ पासून आपल्या विभागाच्या अखत्यारीतील रुग्णालयांतील वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल न्यायालय, आयोग वा तडजोडीनुसार अदा केलेल्या रकमांचा वर्षनिहाय व रुग्णालयनिहाय तपशील, संबंधित लेखाशीर्ष, आणि त्यानंतर झालेल्या चौकशी अहवालांच्या प्रती द्याव्यात."

चौकशी अहवालाचा भाग वेगळ्या अर्जात टाकू का? "एकत्रित माहिती ठेवलेली नाही" असं उत्तर येईल ही भीती आहे. तसं झालं तर प्रथम अपिलात जायचं, की आधी प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे स्वतंत्र अर्ज करायचे? विधी व न्याय विभागाकडे किंवा जिल्हा सरकारी वकिलांकडे हुकूमनाम्यांची नोंदवही असते का? आणि हा खर्च नेमक्या कोणत्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबात खर्च ज्या सदरात नोंदतात ते) पडतो, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का? लेखाशीर्ष कळलं तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतून निम्मं काम होईल.

कुणी असा अर्ज आधी केला असेल तर आलेलं उत्तर, अगदी नकाराचं असलं तरी, नावं झाकून इथे टाका. पुढच्या आठवड्यात अर्ज दाखल करायचा आहे.