‘मशीनमध्ये टाका आणि विसरा’ म्हणे! मग डागही विसरा

मोरीवाली:
काल इथेच कुणीतरी नव्या आयांसाठी टिपा टाकल्या होत्या. त्यातली एक: ‘शी-शूचे कपडे थेट मशीनमध्ये टाका, साठ डिग्री लावा आणि विसरा. जुन्या बायकांचं घासणं-बिसणं सोडा.’ त्याला भराभर बदाम पडलेले पाहून माझं डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

एक तर साठ डिग्री आणायचे कुठून? माझ्या ओळखीत बहुतेकांकडे वरून उघडणारं मशीन आहे. त्याला हीटरच नाही. नळाला येईल ते पाणी. दुसरं म्हणजे शी, दूध, रक्त, अंडं यांच्यावर आधी गरम पाणी ओतलं की ते धाग्यातच शिजतं. मग तो पिवळा नकाशा दुपटं फाटेपर्यंत साथ देतो. आधी गार पाणी! जुन्या ब्रशने शी संडासात पाडायची, कपडा उलटा करून डागाच्या मागून नळाची धार सोडायची, म्हणजे घाण आत मुरत नाही, बाहेर पडते. मग साबण लावून अर्धा तास बादलीत. मग घाला हवं तर मशीनला. शेवटी ऊन. अंगावर पिणाऱ्या बाळाचा पिवळा डाग ओला असतानाच कडक उन्हात टाकला की संध्याकाळी शोधून सापडत नाही. आमच्याकडे एकाच गठ्ठ्यातली झबली माझ्या भावाने घातली आणि माझ्या लेकीनेही.

आणि ज्या ड्रममध्ये शीचे गोळे फिरवले त्यात नंतर डब्याचे रुमाल धुणार का तुम्ही?

दोन_पोरांचा_बाप:
ताई, तुमच्याकडे धार आहे, अर्धा तास आहे आणि ऊनही आहे. अभिनंदन. माझ्याकडे जुळे आहेत, आम्हा नवरा-बायको दोघांचीही नोकरी आहे आणि वाघोलीत टँकरचं पाणी आहे. त्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही, नुसता पांढरा साका बसतो. लंगोट वाळले की पापड! बिल्डरने माहितीपत्रकात कॉर्पोरेशनचं पाणी छापलं होतं, चार वर्षं झाली, अजून ते पाइपातून निघालेलं नाही. गच्चीवर दोरी बांधायला सोसायटीची बंदी, कारण ‘इमारतीची शोभा जाते’. अशा माणसाला डागाच्या मागून धार सोडायला सांगता? मी मशीनमध्येच टाकतो. डाग राहतो, राहू दे. बाळाला लग्नाला जायचं नाहीये.

फ्रँकफुर्टची_सून:
आमच्याकडे साठच काय, नव्वद डिग्रीही आहे. मशीन तळघरात, रविवारी लावलं तर शेजारच्या आजी चिठ्ठी चिकटवतात. पण खरं सांगते, शी आधी काढूनच टाकते मी. पोस्टवाल्या बाईंनी कधी न काढता टाकून पाहिलंय का? मी पाहिलंय. एकदाच.

आई आली होती तेव्हा पोराला वरण-भात भरवला. त्याच्या टॉपवर साबण लावला तर पिवळा डाग लालभडक! मला वाटलं रक्त. धावत गेले पोराला बघायला.

निवृत्त_रसायन:
हळद आणि अल्कली. साबणाने लाल, नीट खळबळलं की परत पिवळी, आणि उन्हात फिकट. घाबरू नये. शीचा पिवळेपणा पित्तातल्या बिलिरुबिनचा, तोही प्रकाशाने बदलतो. काविळीच्या बाळाला दिव्याखाली ठेवतात ते याच गुणामुळे. म्हणजे मोरीवाली यांचं ऊन बरोबर आहे.

आता माझं दुखणं. ‘सौम्य’ बेबी लिक्विडच्या बाटल्या. बऱ्याच बाटल्यांत एंझाइम नसतात, आणि प्रथिनाचा डाग फोडायला नेमके तेच लागतात. लोक चौपट पैसे देऊन फुलांचा वास विकत घेतात. एंझाइमच्या पावडरने बाळाच्या त्वचेला त्रास होतो याला पुरावा नाही, असं इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस स्वच्छ सांगते. फक्त कोमट पाण्यात भिजवा, उकळत्यात नको, एंझाइमच मरतात. आणि कुणी कृपा करून ब्लीच आणि संडासचं ॲसिड एका बादलीत ओतू नका. क्लोरीन वायू होतो. माझ्या शेजाऱ्यांनी केलं होतं, रात्री अकराला दारं-खिडक्या उघडत बसलो.

सासूबाई_ऑनलाइन:
एवढं रसायनशास्त्र कशाला? आम्ही पातेल्यात लंगोट उकळले, शेवटच्या पाण्यात डेटॉल, आणि पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवले. ओवा-बाळंतशोपांच्या धुरीचा वास यायचा. एक पुरळ नाही कुणाला. आजकाल डायपरची फॅशन, मग रॅश आला की डॉक्टरकडे पळा.

निवृत्त_रसायन:
डेटॉलने जंतू मरतात, डाग नाही. आणि ते नीट निघालं नाही तर पुरळ त्याचीच. दोन-तीन पाणी जास्त काढा, एवढंच म्हणतो.

लातूरकर:
फॅशन? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी यायचं तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता. घागरी मोजून. दिवसाला पंधरा-वीस लंगोट कशात धुवायचे? भांडी धुतलेलं पाणी संडासला, आंघोळीचं फरशीला. आई लंगोटांसाठी हट्ट धरून बसली होती, तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, जा, आण ती पाकिटं. ज्याच्या नळाला पाणी आहे त्याने दुसऱ्याच्या डायपरकडे बोट दाखवू नये.

मोरीवाली:
लातूरकर, तुमचं मान्य. पण वाघोलीचं नाही मान्य. वेळ काढायचा असतो. मीही नोकरी करते. सकाळी सगळं बादलीत भिजत घालते, दहाला बाई येते, ती ब्रश मारून धारेखाली काढते, दुपारी वाळत. यात अवघड काय आहे?

रात्रपाळी:
थांबा थांबा. ती?

म्हणजे वर जो ब्रश, जी धार, ती सगळी दुसरीच्या हातची? आणि आम्हाला इथे घासण्याचे धडे?

दोन_पोरांचा_बाप:
😂 धागा संपला.

मोरीवाली:
संपला कसला? पगार देते. धुण्याचेच पैसे देते ना? सुट्ट्या देते, दिवाळीला महिना जास्त देते. बाळाची शी म्हणजे काय विष आहे? तुम्ही काय, घरातलं सगळं स्वतः करता?

रात्रपाळी:
मी रोज वीस बाळांची शी बघते, नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. हातमोजे घालून, आणि ते माझं ठरलेलं काम आहे. तुमच्या बाईंचं धुणं ठरलं तेव्हा बाळ होतं का? बाळ आल्यावर पैसे वाढवले का? एवढंच विचारते.

आणि डायपरवाल्यांनीही हसू नये. वर्तमानपत्रात गुंडाळून, आत काय आहे ते कळावं म्हणून वर लाल ठिपका काढता का? पुण्यात कचरावेचक बायकांना तेवढ्यासाठी मोहीम चालवावी लागली, कारण पुडी उघडते तीही कुणीतरी बाईच.

सासूबाई_ऑनलाइन:
आमच्या वेळी धुणंवाल्या बाया काही बोलत नसत हो. घरच्यासारख्या होत्या.

पाखरू_७:
बोलत नसत, तुमच्यासमोर.

माझी आई सतरा वर्षं कोथरूडला धुणं-भांडी करायची. रात्री आम्हाला सगळं सांगायची. म्हणायची, बादलीवर झाकण असलं की समजायचं. उघडी बादली म्हणजे साधे कपडे, झाकलेली म्हणजे शी. एका घरी बाळाच्या आजी स्वतः आधी शी काढून पिळून ठेवायच्या, फक्त साबणाचं हिच्याकडे. त्या घराचं काम आईने गुडघे गेल्यावरही सोडलं नाही. दुसऱ्या घरी तीन दिवसांचं साठवलेलं मिळायचं, वर ‘डाग राहिला’ म्हणून बोलणी. ती येऊन हातांना लिंबू चोळायची, मग भाकरी थापायची. आम्ही लहान होतो, वास येतो म्हणून नाक मुरडायचो. तिने कधी काही म्हटलं नाही.

शिकवायचंच असेल तर एक तिचं घ्या: चिकूचा, केळ्याच्या चिकाचा डाग लगेच धुवा, वाळला की तो कपडा पोतेरं. शीपेक्षा चिवट.

मोरीवाली:
मी तीन दिवस साठवत नाही. रोजच्या रोज देते.

झाकण ठेवते, हो. माशा बसतात म्हणून.

दोन_पोरांचा_बाप:
माशा. बरं.

निवृत्त_रसायन:
मूळ प्रश्न गरम पाणी की गार असा होता, त्यावर कुणाला काही...

रात्रपाळी:
काका, राहू द्या.

मोरीवाली:
ठीक आहे. शी मी काढत जाईन, बाकी ती. पैशांचंही बोलते तिच्याशी. आता खूश? पण ‘साठ डिग्री आणि विसरा’ हे चूकच होतं, यावरून मी हटणार नाही. आणि त्या बदामवाल्यांपैकी एकाने तरी इथे येऊन बोलावं.

नवखी_आई:
मी एक बदामवाली 🙋 भांडायचं नाहीये. बाळ नऊ दिवसांचं आहे. आत्येसासूबाईंनी त्यांच्या नातवाच्या कपड्यांचं बोचकं पाठवलंय, माळ्यावर डांबरगोळ्यांत ठेवलेलं. एकदा मशीनमधून काढलं, वास तसाच. घालू का?

रात्रपाळी:
नाही! डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे एंझाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. आपल्या बाळात ते कमी आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कपडे, दुपटी, गोधडी, काहीच बाळाजवळ नको. पुन्हा धुवा, मोकळ्या हवेत उन्हात टाका, वासाचा लवलेश असेपर्यंत अंगाला लावू नका. आत्येबाईंना राग आला तर माझं नाव सांगा. आणि बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेनासं झालं किंवा लघवी गडद वाटली तर लगेच डॉक्टर, इथे विचारत बसू नका.

मोरीवाली:
बरोबर सांगतायत त्या. मशीनने वास जाणार नाही, कडक ऊनच हवं. चार दिवस तरी.

नवखी_आई:
ताई, मी रत्नागिरीला आहे. जुलै चालू आहे. ऊन कुठून आणू?