'सिंक रेट' नेमकं कधी वाजतं?

सांगली_गगनवेडा:
विमान मिनिटाला 1000 फुटांपेक्षा वेगाने खाली आलं की कॉकपिटमधलं जमिनीच्या धोक्याचा इशारा देणारं यंत्र 'सिंक रेट' (खाली येण्याचा दर जास्त) असं ओरडतं, असं वाचलं. मग 30,000 फुटांवरून उतरताना मिनिटाला 2000 चा दर असतो, तेव्हा का वाजत नाही?

कृष्णाकाठ:
1000 ही स्थिर अप्रोचची (धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याची) मर्यादा, यंत्राची नव्हे. यंत्र दर आणि जमिनीपासूनची उंची एकत्र बघतं. उंची रेडिओ अल्टिमीटर (रेडिओ लहरींनी खालच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजणारं उपकरण) देतो, तो साधारण 2500 फुटांपर्यंतच मोजतो. त्याच्या वर हा मोड (यंत्राचा हा इशाऱ्याचा प्रकार) गप्प. 2450 फुटांवर 'सिंक रेट'साठी मिनिटाला सुमारे 5000 चा दर लागतो, 1000 फुटांवर 2600, 500 वर 1800 च्या आसपास. दर याहूनही जास्त झाला की दुसरी रेषा, तिथे 'पुल अप' (नाक वर घ्या): 1000 फुटांवर साधारण 3500. आकडे हनीवेल कंपनीच्या यंत्राचे आहेत, विमानागणिक थोडे बदलतात. चाकं-फ्लॅप कसे आहेत याच्याशी या मोडला देणंघेणं नाही.

घाटमाथा_सातारा:
एक भर घालतो, कारण इथेच गल्लत होते. रेडिओ अल्टिमीटर सरळ खाली बघतो, पुढे नाही. चिपळूणकडून कुंभार्ली घाटावर सरळ पातळीत येणाऱ्या विमानाचा उतरण्याचा दर शून्य, म्हणजे 'सिंक रेट' कधीच नाही. जमीनच वर येते. त्यासाठी दुसरा मोड आहे, 'टेरेन, टेरेन' म्हणणारा, पण उभ्या कड्यापुढे तोही उशिरा जागा होतो. म्हणून सुधारित यंत्रात जीपीएस आणि भूप्रदेशाचा डेटाबेस आला: धडकेच्या साधारण 60 सेकंद आधी सावधगिरी, 30 सेकंद आधी 'पुल अप'.

सांगली_गगनवेडा:
क्यूएनएच (साध्या अल्टिमीटरवर लावायचा स्थानिक हवेचा दाब) चुकीचा लावला तर?

कृष्णाकाठ:
'सिंक रेट'ला फरक पडत नाही, उंची रेडिओची आहे. डेटाबेसवाला भागही जीपीएसवरून स्वतःची उंची काढतो. खरा घोळ जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाली की होतो: विमान भलत्याच जागी दिसतं आणि समुद्रावर 'पुल अप' वाजतं. तेव्हा प्रक्रियेनुसार टेरेनचं बटण बंद करतात, मूळचे मोड चालूच राहतात.

घाटमाथा_सातारा:
'सिंक रेट'ला दर कमी करायचा, अप्रोच स्थिर नसेल तर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर). रात्री किंवा ढगात 'पुल अप' आलं तर खातरजमा करत बसायचं नाही. ऑटोपायलट काढा, पूर्ण थ्रस्ट (इंजिनचा जोर), पंख समतल, नाक वर (बोईंगवर 20 अंश, एअरबसवर स्टिक पूर्ण मागे), स्पीडब्रेक (वेग कमी करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आत. चाकं आणि फ्लॅप मात्र डोंगर पार होईपर्यंत आहेत तसेच.