काउन्सेलरची ॲडमिशन ऑफिसात 'वट' कशाला पाहिजे?

रंकाळावेस: काल एकानं लिहिलं, "कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात वट असलेला काउन्सेलर, म्हणजे पोरांना ॲडमिशनचं मार्गदर्शन करणारा माणूस, शाळेनं ठेवावा, पोरांची कामं होतात." डोकं सणकलं म्हणून सविस्तर लिहालोय. अहो इंजिनिअरिंगची सीट कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशात, सीईटी सेल या सरकारी विभागाच्या मेरिटवर लागते, कॉलेजच्या क्लार्कच्या हातात त्यात आहे काय? वट चालते मॅनेजमेंट कोट्यात, आणि तिथं बोलणं पैशाचं असतंय. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते ज्यांची कुठं ओळख नाही त्या पोरांसाठी. त्याच कोल्हापुरात आता शाळेनंच ओळखी काढायच्या?

नागाळापार्क: माझं अर्धंच वाक्य उचललंय तुम्ही. मी अमेरिकेच्या अर्जाबद्दल बोलत होतो. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकाच ऑनलाइन अर्जावर, स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचा तक्ता), शिफारसपत्र शाळेचा काउन्सेलर पाठवतो, पोरगी नाही. सोबत शाळेचं प्रोफाइल, म्हणजे तिथल्या माणसाला कळावं की आपल्या बोर्डात मार्क कसे पडतात. पुढं बारावीचे मधले मार्क वेगळे पाठवायचे. अर्ली डिसिजनला, म्हणजे 'घेतलं तर तिथंच येणार' असं बांधून घेणाऱ्या अर्जाला, तर काउन्सेलरची सही लागते. आमच्या शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं, पत्रात 'वर्तणूक चांगली' एवढंच लिहून शिक्का मारून दिला. तिकडनं मेल आला तर उत्तर कोण देणार, शिपाई?

गारगोटीकर: तुमी दोघंबी शहरातलं बोलालाय. आमच्या पोरांचं ॲडमिशन अडतंय कागदावर. पुतणीचं नॉन क्रिमीलेअर (ओबीसीला लागणारा उत्पन्नाच्या मर्यादेचा दाखला) जुनं निघालं, ते ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतंय हे अकरावी-बारावीत कुणी सांगितलंच नाही. ओबीसीतनं ओपनमध्ये गेली, जवळचं कॉलेज गेलं, आता होस्टेलचा खर्च भाऊ भरतोय. व्हॅलिडिटीचा, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा, अर्ज तर बारावीतच कॉलेजच्या सहीनं टाकायचा असतो. दाखल्यावर नावात एक वेलांटी चुकली म्हणून पोरगं परत आलं, आणि शाळेला फोन लावला तर सुट्टी, कोण उचलत नाही! वट नको, फोन उचलणारा माणूस पाहिजे.

रंकाळावेस: हे बरोबर आहे, मानलं. पण त्याला काउन्सेलर कशाला, चांगला क्लार्क बास झाला.

शाहूपुरी_तिसरीगल्ली: आणि शिफारसपत्र लिहिणार कोण हो? इंटिग्रेटेडच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली पोरं दोन वर्षं कॉलेजात पाऊल टाकत नाहीत, हजेरी कॉलेजात आणि पोरगं क्लासमध्ये. माझ्या मुलाला प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅब कुठल्या मजल्यावर आहे ते विचारत जावं लागलं. जे पोरगं शिक्षकानं बघितलंच नाही त्याच्याबद्दल काउन्सेलर काय लिहिणार?

फिजिक्सवाले_सर: क्लासला शिव्या देणं सोपं आहे. एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं येतंय, ते कॉलेजात शिकवतंय कोण? पालकच आमच्याकडं येऊन म्हणतात, हजेरीचं तेवढं बघा.

शाहूपुरी_तिसरीगल्ली: मी असं कधीही म्हटलेलं नाही! फीच्या पावतीवर क्लास आणि कॉलेज दोन्ही एकत्र, वेगळं मागितलं तर प्रवेशच नाही म्हणाले.

ज्यु_कॉलेज_शिक्षिका: शिकवतंय कोण म्हणजे? मी शिकवते. समोर बाकं रिकामी असतात तरी तास घेते. एक तुकडी अख्खी अनुदानित, पोरं हुशार, आणि दुपारी सगळी क्लासला. वर आम्हालाच जाब विचारता. सर, तुमच्याकडचं एक पोरगं नापास झालं तर त्याच्या आईवडिलांशी बोलायला कोण बसतं? आम्हीच.

फिजिक्सवाले_सर: मॅडम, तुमच्यासारखे तास घेणारे असते तर आमच्याकडं एवढी गर्दी झाली नसती. एवढं कबूल करतो, पुढचं नाही.

नागाळापार्क: मूळ मुद्दा कुठं गेला बघा. 'वट' शब्द मागं घेतो, रंकाळावेस, तुमचं समाधान होत असेल तर. पण परदेशी कॉलेजला शाळेच्या अधिकृत मेलवरनं वेळेत उत्तर देणारा, पोरांना नावानिशी ओळखणारा माणूस लागणारच, ते क्लार्कचं काम नाही.

रंकाळावेस: नेमा की. कागद बघायला आणि खरं पत्र लिहायला नेमा, माझा विरोध नाही. सीटसाठी कुठं शब्द टाकायला लागला तर पालकसभेत मी उभा राहून विचारणार.

गारगोटीकर: आणि आमच्याकडं? पाच गावांच्या शाळांना मिळून एक माणूस दिला तरी चालंल, पण मे-जूनमध्ये सुट्टीवर जाणारा नको.