मुंबई–लंडन विमान नक्की किती तासांचं? आईच्या इन्सुलिनसाठी हिशेब हवाय

नमस्कार मंडळी,

आई-बाबा डिसेंबरात सांगलीहून लंडनला ताईकडे निघालेत. दोघंही विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकीट आल्यापासून बाबांनी वही-पेन्सिल घेऊन घर डोक्यावर घेतलंय.

जाताना विमान मुंबईहून दुपारी १.१५ ला सुटतं आणि हीथ्रोला संध्याकाळी ५.४५ ला उतरतं. म्हणजे साडेचार तास. फेब्रुवारीत येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबई. साडेचौदा तास! बाबा विचारतात, "जाताना उतार आणि येताना खंबाटकी लागतो का रे?" घड्याळांचा फरक आहे एवढं मला कळतं. पण हवाई अंतर ७,२०० किमी आणि वेग ताशी ९०० धरला तर आठच तास येतात. मग खरं काय धरायचं?

हसण्यावारी नेलं असतं, पण आईला दिवसातून दोनदा इन्सुलिन असतं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचे खरे तास सांगा, मग डोसच्या वेळा लिहून देतो.

आणि घरची गाडी आहे, तर सांगलीहून किती वाजता निघावं?

प्रतिसाद १
तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणा. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असतं (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार). तिथले ५.४५ म्हणजे इथले रात्रीचे ११.१५, म्हणून जाताना १० तास. येताना तिथले रात्रीचे ९ म्हणजे इथले २.३०, म्हणून ९ तास.

बाबांचा घाट आहे, पण जाताना! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीशी. शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, वळसे हे सगळं भागाकारात धरलेलं नसतं.

प्रतिसाद २
इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. माझ्या सासूबाईंचं घड्याळ आम्ही उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं होतं, गोंधळ झाला नाही.

धागाकर्ता
खूप आभार! डॉक्टरांना १० आणि ९ तास कळवले. बाबांनी मात्र दोन घड्याळं काढलीत, दोन्ही हातांत घालणार म्हणे.

निघायचं कधी, ते राहिलंच. तीन तास आधी पोचायचं तर सकाळी सव्वादहाला विमानतळ. पेठनाका, कऱ्हाड, सातारा, पुणे करत पावणेचारशे किमीला आठ तास धरले तर रात्री दोनला गाडी काढायची?

प्रतिसाद १
अजिबात नको. वाटेत ट्रॅफिक लागलं तर कुठलं गणित उपयोगाला येणार? आदल्या दिवशी दुपारीच निघा, रात्री मुंबईत मुक्काम करा. आईंचं जेवण आणि इन्सुलिनही वेळेवर होईल.