नोटा घेतलेल्या हातानेच पोहे वाढते, मोजे घालू का?

पोहेवाली काकू:
सातारा स्टँडजवळ आमची पोहे-उप्पिटाची गाडी आहे. आमचे हे चहा बघतात, पोहे आणि गल्ला माझ्याकडे. परवा एका कॉलेजच्या मुलीने वीसची नोट दिली. मी ती गल्ल्यात टाकली आणि त्याच हाताने शेव-कोथिंबीर पेरली. तिने प्लेट तशीच ठेवली. "काकू, नोटेवर संडासापेक्षा जास्त जंतू असतात, व्हिडिओ आलाय." चारचौघांत बोलली म्हणून जिव्हारी लागलं, पण खोटं तरी कसं म्हणू? क्यूआर लावलाय, तरी सकाळी हमाल, भाजीवाल्या, म्हातारी माणसं नोटाच देतात. त्यात दहा-वीसच्या नोटा सगळ्यांत मळकट. हे म्हणतात, रात्री नोटांवर सॅनिटायझर मारू नाहीतर इस्त्री फिरवू, कोरोनात लोक करतच होते. का मोजे घालू? गाडीवर पाण्याचा एकच कॅन असतो, ते धरून सांगा.

बारा_गावचं_पाणी:
मोजे घाला. मेडिकलमध्ये खोका मिळतो. गिऱ्हाइकाला बरं दिसतं, विषय संपला.

अगारवाली:
विषय संपत नाही हो. मोज्याने नोट घेतली आणि त्याच मोज्याने शेव टाकली, तर फरक काय पडला? उघडा हात चिकट लागला की माणूस धुतो तरी. मोजा मळलेला कळत नाही, दुपारपर्यंत तोच चालतो.

काकू, मी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. पोरं खिशातली नोट अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर दाबतात, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी ती भरलेली असते. पांढरे-पिवळे ठिपके बहुतेक आपल्याच कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसचे, कोरड्या सुरकुतलेल्या चकत्या मातीतल्या बॅसिलसच्या. मॅककॉन्की अगारवर, म्हणजे आतड्यातले जंतू ओळखायच्या जेलीवर, गुलाबी ठिपके आले की पोरांची तोंडं वाकडी होतात, कारण ते विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू असू शकतात. म्हणजे कुणीतरी परसाकडून येऊन हात धुतले नव्हते.

तुमच्या व्हिडिओसारख्या गोष्टींचं मूळ अशाच अभ्यासांत असतं. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडच्या १०, २० आणि १०० रुपयांच्या नोटांवरचा डीएनए तपासला, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोगजंतूंच्या खुणा निघाल्या, प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही निघाली. पण डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो, हे व्हिडिओवाले गाळतात.

जंतूला वाढायला पाणी लागतं. आपली नोट कापसाची, घाम-तेल शोषून घेते, पण एरवी कोरडी. तिच्यावर जंतू तग धरतात, त्यांची पैदास होत नाही. सोबत चिकटपणा असला की मुक्काम लांबतो. जिनिव्हात फ्लूचा विषाणू नोटांवर ठेवून पाहिला होता (२००८). नुसता विषाणू जास्तीत जास्त तीन दिवस टिकला, शेंबडात मिसळलेला सतरा दिवसांपर्यंत.

आता पोह्यांकडे या. कढईत वाफ आहे तोवर मला काळजी नाही. शेव, कोथिंबीर, कच्चा कांदा हे सगळं शिजल्यानंतर पडतं आणि तेही हाताने! प्रत्येक जिन्नसाला वेगळा चमचा ठेवा. पोहे कोमट करून तासन्तास ठेवू नका. स्टॅफिलोकोकस ऑरियस तिथे वाढला की विष सोडतो आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. नोटेपेक्षा मला तुमच्या गाडीवरच्या ओल्या फडक्याची धास्ती जास्त आहे. तिथे पाणीही आहे आणि खाऊही.

सॅनिटायझर नोटांना नको. इस्त्री तर नकोच, आत प्लॅस्टिकचा धागा असतो. आणि उद्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाची नोट पुन्हा तशीच येणार. कॅनला तोटी बसवून घ्या आणि साबण ठेवा. तेलकट हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

निवृत्त_कॅशियर:
बँकेत हयात कॅशवर गेली. टेबलावर ओल्या स्पंजची डबी असायची, पण बोट जायचं ते जिभेकडेच. मासळी बाजाराचा भरणा आला की पाकीट सोडल्यासोडल्या वास! २००१ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने नोटांना स्टेपल मारणं बंद करायला लावलं. त्याआधी पिना काढताना बोटं सोलायची आणि त्याच बोटांना थुंकी. नोटा मोजायचं मशीन आलं तेव्हा ती खोड सुटली. ताई, अगदी मळकट नोटा गल्ल्यात फिरवत बसू नका. कुठल्याही बँकेच्या शाखेत द्या, खातं नसलं तरी बदलून मिळतात.

पोहेवाली काकू:
चमचे आजच काढते. गल्ला ह्यांच्याकडे देईन म्हणते, चहाला तशीही शेव लागत नाही. फडक्याचं काय करू ते सांगा, ते तर दिवसभर लागतं.

अगारवाली:
गल्ला चहाकडे, हे उत्तम. फक्त कप कडेला धरू नका म्हणावं, कानाला धरा. फडकी चार-पाच न्या. एक कळकट झालं की पिशवीत, दुसरं बाहेर. घरी गेल्यावर सगळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळत घाला. आणि फडक्याला हात पुसायचे नाहीत, ते फक्त गाडीसाठी.