३०० एमएमला फोटो सॉफ्ट का येतात?

७०-३०० एमएमच्या झूम लेन्सने ३०० ला काढलेले पक्ष्यांचे सगळे फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर येतात म्हणून लेन्स विकायची म्हणताय, पण जरा थांबा. तुम्ही शटर १/२०० सेकंद ठेवलंय असं लिहिलंय, तिथेच निम्मा घोळ आहे. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ३०० म्हणजे ४५० सारखा अरुंद अँगल मिळतो, हात जरा हलला तरी फोटोत जास्त दिसतं, त्यामुळे हातात धरून किमान १/५०० तरी हवं आणि उडणारा पक्षी असेल तर १/१६०० च्या खाली जाऊच नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० काय १६०० झाला तरी चालेल, नॉईज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो पण हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याची हालचाल नाही.

दुसरं, ३०० ला एफ/५.६ अपर्चरवर (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असताना) या लेन्सा थोड्या सॉफ्टच असतात, एफ/८ वर नेऊन बघा, पिसं न् पिसं सुटी दिसायला लागतात.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे गरम हवा, तिच्यातून लांबचं दृश्य थरथरतं. भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, मी सकाळी ११ नंतर लांबच्या फ्लेमिंगोंचे दोनेकशे फोटो काढले, सगळ्यांच्या माना पाण्यात बघितल्यासारख्या वाकड्या, आणि सकाळी ७ ला त्याच लेन्सने डोळ्याची पिवळी कड स्वच्छ आली होती. लांबून झूम करण्यापेक्षा नाववाल्या दादांना सांगून हळूहळू जवळ जा, फक्त पक्षी उठवू नका. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर तोही काढून एकदा बघाच.