चर्चा: तात्कालिक कारण सापडलं म्हणजे कारण सापडलं का?

वाटसरू:
पहिल्या महायुद्धाची तात्कालिक कारणं वेगळी आणि मूलभूत कारणं वेगळी, असं आपण शाळेत लिहीत आलो. साराजेव्होतली २८ जून १९१४ ची ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या पहिल्या यादीत, युतींचं जाळं आणि शस्त्रस्पर्धा दुसऱ्या. परीक्षा संपली की हा भेद आपण साफ विसरतो. अपघात झाला, चालकाची चूक निघाली, विषय संपला!

माझ्या मते तात्कालिक कारणावर थांबणारा तर्क अर्धवट असतो, आणि कधी कधी जीवघेणाही. नासाचं चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. तात्कालिक कारण असं: बूस्टरच्या (यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या) सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे फट बंद ठेवणारी रबरी कडी, थंडीने ताठरली, सांधा नीट बंद झाला नाही आणि तप्त वायू बाहेर पडला. पण आधीच्या उड्डाणांतही या रिंगा झिजलेल्या आढळल्या होत्या, आणि तरी उड्डाणं चालूच राहिली. अपघातानंतर सांध्याची रचना बदलली. १ फेब्रुवारी २००३ ला परतीच्या वाटेवर नासाचंच कोलंबिया यान तुटलं, पुन्हा सात जण गेले. या वेळी रिंगेचा संबंधच नव्हता. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीच्या आवरणावरून निसटलेला फोम डाव्या पंखावर आदळला होता. फोम निसटण्याचे प्रकारही आधी घडले होते आणि तेही खपवून घेतले गेले होते. चौकशी मंडळाने नासाच्या कार्यसंस्कृतीला फोमइतकंच जबाबदार धरलं.

शंकेखोर:
सपशेल असहमत. मागे जायचं ठरवलं तर थांबायचं कुठे? न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, हा प्रश्न कधीच हाताळलाय. घटाची कारणं म्हणजे माती, चाक, दंड, कुंभार. कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता आणि घटही नसता. तरीही नैयायिक त्याला कारण मानत नाहीत, ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे कार्य घडायला थेट गरजेचा नसलेला, म्हणून बाजूला काढतात. माती वाहणारं गाढवही त्याच रांगेत. तुमची निम्मी मूलभूत कारणं मला या बापासारखी वाटतात.

महायुद्धाचंच घ्या. युती आणि शस्त्रस्पर्धा १९०८ च्या बोस्निया पेचात होत्या, १९११ च्या मोरोक्को पेचात होत्या, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होत्या. तेव्हा महायुद्ध पेटलं नाही. मग १९१४ लाच का? हत्या आणि त्यानंतरच्या महिन्याभरातले निर्णय वगळून याचं उत्तर देऊन दाखवा.

वाटसरू:
‘तेव्हाच का’ याचं उत्तर तात्कालिक कारणच देतं, मान्य. पण एका हत्येतून एवढं मोठं युद्ध का झालं, हे ती हत्या सांगू शकत नाही. प्रश्नच दोन आहेत. आणि कुंभाराचा बाप घट घडताना कुठेच नसतो. धोका खपवून घेण्याची सवय मात्र चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीच्या बैठकीत हजर होती.

आलेकरीण:
मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, तिथे याची रीतसर पद्धत आहे. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात पहिल्या ओळीत तात्कालिक कारण लिहायचं, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली तेही कशामुळे. उदाहरणार्थ: फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी, ती मांडीचं हाड मोडल्यामुळे, ते पडल्यामुळे. आकडेवारीत धरलं जातं ते साखळी सुरू करणारं मूळ कारण, कारण प्रतिबंध तिथे करता येतो. मात्र प्रत्येक ओळीचा खालच्या ओळीशी ‘यामुळे’ हा संबंध टिकला पाहिजे. मधुमेहाने हातभार लावला पण तो या साखळीत बसत नाही, तर त्याची जागा दुसऱ्या भागात. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहिणं चूक, कारण ती प्रत्येकाचीच बंद पडते.

शंकेखोरांना जी मर्यादा हवी आहे ती हीच. दुवा दाखवा आणि मगच मागे सरका.

अनवट:
दुवे तपासणं पुरेसं नाही. डोंगरावरून धोंडा सुटला, म्हणून गिर्यारोहक खाली वाकला. वाकला म्हणून वाचला. दोन्ही दुवे खरे आहेत. पण ‘धोंडा सुटल्यामुळे तो वाचला’ असं कुणी म्हणेल का? धोंडा सुटला नसता तरी तो जिवंतच असता. म्हणजे पहिलं टोक काढून टाकलं तर शेवटचं टोक बदलतं का, हेही वेगळं तपासायला हवं.

शंकेखोर:
अनवट, हे पटलं. आलेकरीण, तुमची साखळी शरीरात चालते, कारण तिथे मध्ये कुणी निर्णय घेत नाही. माणसांच्या व्यवहारात मध्ये कुणीतरी जाणूनबुजून सही करतो. ‘संस्कृती’ दोषी ठरवली की तो सही करणारा सुटतो, आणि माझा खरा राग यावर आहे.

वाटसरू:
तो सुटू नयेच. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण नको असं सांगितलं होतं. सुरक्षित आहे हे दाखवण्याऐवजी असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असा दबाव आपल्यावर आल्याचं त्यांनी पुढे साक्षीत सांगितलं. शेवटी त्यांच्याच व्यवस्थापनाने होकार कळवला.

शंकेखोर:
मग तो होकार हेच कारण म्हणा. संस्कृती कशाला मध्ये आणता?

वाटसरू:
कारण २००३ मध्ये तो होकार देणारी माणसं तिथे नव्हती. कोलंबिया कक्षेत असताना अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मिळवा म्हणून विनंती केली होती. ती वरच्यांनी पुढे जाऊ दिली नाही. तुमच्या हिशेबाने हे दोन सुटे अपघात होतात. मला दोन्हीकडे अभियंत्याची शंका वर पोचेपर्यंत दाबली जाताना दिसते.